जोगलटेंभीचा चांदीचा ठेवा: नहपानाचा चेहरा आणि त्यावर गौतमीपुत्राचा ठसा

गोदातीर (धागालेखन)

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड ठेवा उघडकीस आला. त्यात सुमारे 13,250 नाणी होती आणि ती सर्व मूळची एकाच राजाची, म्हणजे क्षहरात वंशातील क्षत्रप (प्रांताधिपती) नहपानाची, होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला याचा पुरावा म्हणून पुष्कळ पुस्तकांत हा ठेवा एका वाक्यात येतो. वाक्य बरोबर आहे, पण त्या वाक्यापाशी थांबल्यामुळे प्रत्यक्ष नाण्याकडे पाहायचे राहून जाते. ते पाहावे, एवढ्यासाठीच हा धागा काढत आहे.

आधी नहपानाचे मूळ नाणे पाहू. ते आजच्या रुपयाच्या नाण्याहूनही लहान आणि साधारण सव्वादोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे आहे. दर्शनी बाजूस राजाचे मस्तक उजवीकडे तोंड करून आहे आणि केसांभोवती ग्रीक राजे बांधत तशी पट्टी आहे. मस्तकाच्या भोवती कडेने ग्रीक अक्षरे फिरतात. ती अक्षरे ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही. ती जोडून वाचली की 'राञो क्षहरातस नहपानस' हा प्राकृत मजकूरच हाती येतो. मागील बाजूस मधोमध वज्र आणि बाण शेजारीशेजारी उभे आहेत, आणि भोवती तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत आहे. म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या चांदीवर एकच वाक्य तीन लिप्यांत तीनदा लिहिलेले आहे. ग्रीक लिपी पश्चिमेकडून, खरोष्ठी गांधाराकडून आणि ब्राह्मी इथली. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले तो राजा शक, ज्याचे पद 'क्षत्रप' हा शब्द मुळात इराणी आहे. गंमत अशी की ते पद या चांदीच्या नाण्यांवर येतच नाही. लेण्यांतील लेखांत नहपान क्षत्रप किंवा महाक्षत्रप आहे, नाण्यावर मात्र तो केवळ 'राजा' आहे.

आता गौतमीपुत्राने काय केले ते पाहा. त्याने ही नाणी वितळवली नाहीत. आहे त्याच नाण्यावर आपल्या साच्याचा आघात केला. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत (याला काही जण चैत्य म्हणतात), त्याखाली नागमोडी रेषा आणि भोवती 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस' हा लेख आला. दुसऱ्या बाजूस अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार गोल असलेले, आपण ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतो ते आले. आघात पूर्ण न बसल्यामुळे कित्येक नाण्यांवर नहपानाचे नाक, हनुवटी किंवा ग्रीक अक्षरांची रांग सातवाहन पर्वताच्या आडून अजूनही दिसते.

याच गौतमीपुत्राविषयी त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात जो लेख कोरवला, त्यात त्याला 'खखरातवसनिरवसेसकर', म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा, असे म्हटले आहे. 'सकयवनपल्हवनिसूदन' हे विशेषणही त्याच लेखात आहे. शक, यवन (ग्रीक) आणि पल्हव (पार्थियन) यांचा नाश करणारा म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याच्याच घराण्याने पुढे चांदीची जी नवी नाणी पाडली ती कशी आहेत? त्यांवर राजाचे मस्तक उजवीकडे तोंड करून आहे, कडेने लेख फिरतो आणि मागच्या बाजूस दुसऱ्या भाषेत पुन्हा तोच लेख आहे. अशा मस्तकाच्या नाण्यांपैकी थोडी स्वतः गौतमीपुत्राच्या नावाची आहेत, आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी व गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी यांचीही आहेत. सातवाहनांच्या शिशाच्या, तांब्याच्या आणि पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांवर हत्ती, सिंह, वृक्ष, जहाज असे कितीतरी विषय येतात. चांदी आली की मात्र मस्तक येते, आणि ते मस्तकाचे रूप क्षत्रपांच्या नाण्यांवरूनच आलेले आहे.

माझे म्हणणे असे की क्षहरात वंश संपवता आला, परंतु त्याने रूढ केलेली चांदीच्या नाण्याची घडण विजेत्यालाही मोडता आली नाही. व्यापाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला चांदी म्हणजे मस्तकाचे गोल नाणे हे समीकरण पक्के झाले होते. या नाण्यांवर दिसणारा संस्कृतींचा मिलाफ मला दरबारी अभिरुचीपेक्षा पेठेच्या सवयीचा परिणाम वाटतो. जाणकारांनी यावर आपले मत मांडावे. वज्र आणि बाण कोठून आले असावेत, याविषयीही वाचायला आवडेल.

शिलाक्षर

धागा आवडला. पेठेच्या सवयीविषयी आपण जे लिहिले आहे त्याला पांडवलेण्यांतच मोठा आधार आहे, आणि तो राजकीय लेखांत नसून हिशेबाच्या लेखांत आहे.

नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने दहाव्या लेण्यात जे लेख कोरवले, त्यांपैकी एकात वर्ष 42 मधील दानाचा तपशील आहे. लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज वापरायचे अशा अटीवर, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवले. पहिल्या श्रेणीकडे 2000 ठेवले, दर शेकडा दरमहा 1 या व्याजाने. दुसरीकडे 1000 ठेवले, दर शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला 20, म्हणजे वर्षाला 240 होते. लेखात वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी (वस्त्रासाठी) द्यावेत असे म्हटले आहे. गुणाकार केला की बरोबर 240 येतात. हा व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) जाहीर करून फलकावर नोंदवला होता. पुढे त्याच लेखात देव आणि ब्राह्मण यांना दिलेल्या 70,000 कार्षापणांचा उल्लेख आहे आणि 35 कार्षापणांचा एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) या दराने ते 2000 सुवर्ण होतात, असा हिशेबही कोरलेला आहे.

आता ज्या गावच्या विणकरांकडे शेकड्याने व्याज मोजले जात होते, ते गोवर्धन नाशिकलगतचे आणि जोगलटेंभीही त्याच परिसरातले. लेखातला कार्षापण म्हणजे हेच मस्तकाचे नाणे असावे, असे मानणारे अभ्यासक आहेत. ते मान्य केले तर या नाण्यांवर केवळ राजाची प्रतिष्ठा अवलंबून नव्हती. श्रेणींच्या ठेवी, भिक्षूंचे चीवर आणि दानांचे मुद्दल त्यांतच मोजलेले होते. नव्या राजाने ही नाणी एका फटक्यात अमान्य केली असती, तर सर्वांत आधी त्याच्याच नव्या प्रजेचे व्यवहार कोसळले असते. गौतमीपुत्राने जुनी व्यवस्था मोडली नाही याचा आणखी एक दाखला तिसऱ्या लेण्यातच आहे. आपल्या राज्यवर्ष 18 मध्ये गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेल्या आज्ञेत, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले शेत तो तिरण्हु पर्वतावरील (पांडवलेण्यांच्या डोंगरावरील) भिक्षूंना देतो. जावयाचे शेत गेले, पण लेण्यांना दान देण्याची रीत तशीच राहिली.

दगडीचाळीतला

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. माझी शंका थोडी वेगळी आहे. व्यापाऱ्याला मस्तकाचेच नाणे हवे होते, असे जर असेल, तर त्याच मस्तकावर आघात करून चेहरा विद्रूप केलेली नऊ हजारांहून अधिक नाणी त्याने स्वीकारली कशी? यावरून उलटाच निष्कर्ष निघतो. लोक वजन आणि चांदीचा कस पाहत होते, चित्राचे त्यांना सोयरसुतक नव्हते. मग पुढच्या सातवाहन राजांनी मस्तक का घेतले, याचे कारण पेठेत न शोधता दरबारात शोधावे लागेल. 'तुमच्या नाण्यावर तुमचा चेहरा, तर आमच्यावर आमचा' ही राजांची आपापसांतली चढाओढ मला अधिक पटते.

दुसरी गोष्ट 'मिलाफ' या शब्दाविषयी. गोवर्धनच्या बाजारात ग्रीक वाचू शकणारे कितीसे असतील? ती अक्षरे बहुतेकांच्या दृष्टीने केवळ नक्षी असणार. ज्याला आपण आज मिलाफ म्हणतो, त्यात जाणीवपूर्वक मिसळण्याचा हेतू किती होता आणि जुन्या नमुन्याची न समजता केलेली नक्कल किती होती, हे आधी ठरवायला हवे.

यवनपेठ

दगडीचाळीतला यांच्या दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर काळानुसार बदलते.

नहपानाच्या नाण्यावरील ग्रीक अक्षरे ही निव्वळ नक्षी नव्हे. प्राकृत शब्दांचे उच्चार ग्रीक अक्षरांत बसवणारा कोणीतरी टांकसाळीत होता, नाहीतर 'क्षहरात' हे नाव ग्रीक वर्णांत उतरलेच नसते. नहपानानंतरच्या कार्दमक या क्षत्रप वंशातील चष्टनाच्या नाण्यांवरही हा प्रयत्न ओळखता येतो. त्यानंतरच्या क्षत्रपांच्या काळात मात्र ती अक्षरे तुटत जाऊन उभ्या-आडव्या रेघा उरतात. न समजता केलेली नक्कल हे आपले वर्णन त्या टप्प्याला लागू पडते, आरंभीच्या टप्प्याला नाही.

मूळ परंपरा याहून दोनअडीचशे वर्षे जुनी आहे. अफगाणिस्तानातील आय-खानूम येथे 1970 साली फ्रेंच उत्खननात बॅक्ट्रियाचा राजा अगाथोक्लीज याची चांदीची सहा नाणी मिळाली. त्यांवर एका बाजूस नांगर व मुसळ घेतलेला संकर्षण आहे आणि दुसऱ्या बाजूस शंख व चक्र घेतलेला वासुदेव आहे. एका बाजूचा लेख ग्रीक आहे, दुसऱ्या बाजूस ब्राह्मीत 'रजने अगथुक्लयस' आहे. पुढे अपोलोडोटस या यवन राजाने चौकोनी चांदीच्या नाण्यांवर हत्ती आणि बैल आणले. मिनँडर या दुसऱ्या यवन राजाने समोर आपले मस्तक व ग्रीक लेख ठेवला, आणि मागे वज्र फेकणारी ग्रीक देवी अथीना व भोवती खरोष्ठीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस' अशी रचना रूढ केली. मस्तक, कडेने लेख, दोन बाजूंना दोन लिप्या हा सारा आराखडा तेथे तयार झालेला दिसतो.

तो आराखडा नहपानापर्यंत कसा आला, याचे उत्तर 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात मिळते. अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरे असलेली जुनी चांदीची नाणी बरिगाझात, म्हणजे भडोचला, अजून चालतात, असे त्याचा अज्ञात लेखक स्पष्ट लिहितो. ज्या बंदरावर नहपानाची सत्ता होती तेथेच यवनांची जुनी नाणी लोकांच्या हातात होती. (त्या ग्रंथात येणारा त्या प्रदेशाचा राजा 'मंबनस' म्हणजे नहपानच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.) रोमन सोन्याचांदीची नाणी बरिगाझात बदलून घेतल्यास नफा होतो, अशीही नोंद त्यात आहे, आणि राजासाठी चांदीची मौल्यवान भांडी आणली जात होती. चांदी समुद्रावरून येत होती आणि तिच्यावर कोणते रूप उमटवावे, याचा नमुना बंदरावर आधीच फिरत होता. येथे मी गोदातीर यांच्या बाजूचा आहे.

वज्राविषयी म्हणायचे तर ते ग्रीक देव झ्यूसचे की इंद्राचे, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते तो प्रश्न त्या काळच्या माणसाने विचारला नसता. मिनँडरच्या नाण्यावर अथीनाच्या हातात असलेले वज्र नहपानाच्या नाण्यावर हातातून सुटून एकटे उभे राहिले. ग्रीक व्यापाऱ्याला त्यात झ्यूस दिसला असेल, गोवर्धनच्या विणकराला इंद्र, आणि नाणे दोघांकडेही चालले. बाणाविषयी मात्र मी केवळ तर्क करू शकतो. पार्थियन राजांच्या चांदीच्या नाण्यांच्या मागे धनुष्य घेऊन बसलेला धनुर्धर असतो, आणि शकांची धनुर्विद्या प्रसिद्ध होती. नहपानाच्या आधीच्या भूमकाच्या तांब्याच्या नाण्यांवर बाण व वज्र यांच्या जोडीला चक्र आणि दुसऱ्या बाजूस सिंहशीर्ष व धर्मचक्रही आहे. ही चिन्हे क्षहरातांची कुळखूण झाली होती, असे म्हणता येईल.

नवखा_संग्राहक

चर्चा फार माहितीपूर्ण आहे. नहपानाच्या नाण्यांची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट खटकते. एका नाण्यावर तरुण चेहरा आहे, दुसऱ्यावर गाल बसलेला म्हातारा, कोठे नाक बाकदार तर कोठे चपटे. ही सर्व एकाच राजाची चित्रे आहेत का?

आणि जाता जाता, अशी नाणी विकत घेणे योग्य आहे का?

गोदातीर

चेहऱ्यांची ही विविधता जोगलटेंभीच्या ठेव्याचे पहिले सविस्तर वर्णन करणारे रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांच्याही लक्षात आली होती. त्यांचा लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. ही चित्रे एका माणसाची नसून घराण्यातील वेगवेगळ्या व्यक्तींची असावीत आणि सर्वांनी नहपानाचेच नाव चालू ठेवले असावे, असे त्यांनी सुचवले. ही कल्पना पुढे फारशी टिकली नाही. नाव एकच, उपाधी एकच आणि मागील बाजूही एकच असताना प्रत्येक चेहऱ्यामागे वेगळा माणूस मानण्याचे कारण उरत नाही. तेरा हजारांवर नाणी पाडायला कित्येक साचे लागले असणार, ते वेगवेगळ्या कारागिरांनी आणि वेगवेगळ्या वर्षी कोरले असणार. प्रत्येक कारागिराने राजाला पाहिले असेलच असे नाही. त्याच्यासमोर आधीचे नाणे असायचे आणि त्यावरून तो पुढचे मस्तक कोरायचा. वय दाखवणारे चेहरे दीर्घ कारकिर्दीचेही निदर्शक असू शकतात, पण बाकदार नाक वयाने चपटे होत नाही.

खरेदीविषयी थोडक्यात सांगतो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कोठून आले हे सांगता न येणारे नाणे घेऊ नये. शिवाय नहपानाच्या नाण्यांच्या ओतीव बनावट प्रतीही बाजारात येतात, कडेवर साच्याची जोडरेषा दिसली तर दूर राहावे. पाहण्याची हौस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाणे दालनात भागते.

कावेरीकाठ

मी तंजावरकडच्या मराठी घरातला असल्यामुळे या धाग्यातील एका अर्धवट राहिलेल्या गोष्टीवर लिहिण्याचा मोह होतो. सातवाहन मस्तकाच्या नाण्यांच्या मागे 'दुसऱ्या भाषेत तोच लेख' असतो, एवढेच गोदातीर यांनी लिहिले आहे. ती दुसरी भाषा द्राविडी आहे, आणि माझ्या मते या सर्व नाण्यांतली सर्वांत आश्चर्याची बाब तीच आहे.

वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या नाण्यावर समोर प्राकृतात 'रञो वासिठिपुतस सिरि पुळुमाविस' असा मजकूर आहे. मागे 'अरहणकु वाहिट्टि माकणकु तिरु पुळुमाविकु' असा लेख आहे. षष्ठीच्या 'स' ऐवजी द्राविडी चतुर्थीचा 'कु', 'पुत' ऐवजी 'माकण', 'सिरि' ऐवजी 'तिरु'. यज्ञ सातकर्णीच्या नाण्यांवर अशाच रचनेत सातकर्णीचे 'हातकणि' होते. दोन्ही लेख ब्राह्मीतच आहेत, तरी मागच्या बाजूच्या अक्षरांची वळणे दक्षिणेकडील ब्राह्मीची आहेत. काही अभ्यासक या भाषेला तमिळच म्हणतात, काही जण दख्खनमध्ये त्या काळी बोलली जाणारी एखादी वेगळी द्राविडी बोली मानतात. मला दुसरे मत अधिक संभाव्य वाटते, कारण हे रूप संगम काळच्या तमिळशी तंतोतंत जुळत नाही आणि ही नाणी पश्चिम दख्खनपासून आंध्रापर्यंतच्या राज्यात पाडलेली आहेत.

आता ही मांडणी क्षत्रपांच्या नाण्याशेजारी ठेवून पाहा. नहपानाने एकच भाषा तीन लिप्यांत लिहिली. सातवाहनांनी एकाच लिपीत दोन भाषा लिहिल्या. दोन बाजूंना दोन प्रकारे राजाचे नाव सांगायचे, ही यवनांपासून आलेली चौकट त्यांनी तशीच ठेवली. ग्रीक आणि खरोष्ठी काढून टाकली आणि त्या जागी आपल्या प्रजेपैकी दुसऱ्या गटाची भाषा बसवली. दगडीचाळीतला म्हणतात तशी ही केवळ नक्कल असती, तर येथे आणखी एक निरर्थक ग्रीक रांग दिसली असती. चौकट उसनी घेतली आणि तिचे काम ओळखून तिच्यात आपला मजकूर भरला, याहून जाणीवपूर्वक मिलाफ आणखी कोणता असतो?

यज्ञ सातकर्णीच्या अशा एका नाण्याची कोकणाशीही गाठ आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा आतील दगडी पेटीतील करंडक व बुद्धमूर्तींबरोबर त्यांना यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. बौद्ध स्तूपात, ब्राह्मणी परंपरेचा वारसा सांगणाऱ्या घराण्याचे, ग्रीक धाटणीच्या मस्तकाचे आणि द्राविडी लेखाचे नाणे!

दगडीचाळीतला

कावेरीकाठ यांचा मुद्दा मान्य. जाणीवपूर्वक केलेली निवड येथे दिसते आणि ती केवळ अनुकरण नव्हे. पण मग ही निवड कोणी व का केली, हा माझा पहिला प्रश्न अधिकच ठळक होतो. दुसरी भाषा निवडणे हे दरबाराचे काम आहे, पेठेचे नव्हे.

राजघराण्यांच्या नात्यांकडेही पाहावे. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातील महाक्षत्रप 'रु...' याची कन्या असल्याचे म्हटले आहे. नावाची पुढची अक्षरे नष्ट झाली आहेत, पण ते रुद्रदामनच असावे, असे सर्वसाधारण मत आहे. शक 72, म्हणजे इसवी सन 150 च्या जुनागढ लेखात रुद्रदामन म्हणतो की दक्षिणापथपती सातकर्णीला त्याने दोनदा सरळ युद्धात जिंकले, तरी नाते दूरचे नसल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. सासरा आणि जावई (किंवा जवळचे सोयरे) यांची नाणी एकाच घाटाची असणे यात पेठेपेक्षा सोयरिकीचा भाग मोठा असू शकतो. सासरा मस्तकाची नाणी पाडतो आणि जावई शिशाचीच पाडत राहतो, हे दरबाराला कसे खपावे?

शिलाक्षर

नाते होते हे खरे, परंतु उसनवारी एकाच दिशेने झाली नाही, हेही नोंदवायला हवे. कार्दमक क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर मागील बाजूस क्षहरातांचे वज्र आणि बाण राहिले नाहीत. चष्टनापासून तेथे तीन कमानींचा पर्वत, खाली नदीची नागमोडी रेषा आणि वर चंद्र व तारा अथवा सूर्य येतो. गौतमीपुत्राने नहपानाच्या मस्तकावर जो पर्वत ठोकला, तशाच पर्वताला क्षत्रपांनी आपल्या मस्तकामागे कायमचे स्थान दिले. सातवाहनांनी क्षत्रपांचे मस्तक घेतले आणि क्षत्रपांनी सातवाहनांचा पर्वत. हा पर्वत पुढे क्षत्रपांच्या चांदीवर जवळजवळ तीन शतके टिकला.

त्या तीन शतकांत लिप्यांचेही चित्र पालटले. खरोष्ठी चष्टनानंतर लवकरच नाहीशी झाली. ग्रीक अक्षरांचे काय झाले ते यवनपेठ यांनी वर सांगितलेच आहे. ब्राह्मी लेख मात्र वाढत गेला. 'राज्ञो क्षत्रपस' अमुक 'पुत्रस राज्ञो महाक्षत्रपस' अमुक, असा बापाच्या आणि मुलाच्या नावांचा लेख येऊ लागला. शक वर्ष 100 च्या आसपासपासून राजाच्या मस्तकामागे ब्राह्मी अंकांत वर्षही येऊ लागले. प्राचीन भारताच्या एवढ्या राजवंशांत बापाचे नाव, मुलाचे नाव, पद आणि वर्ष असे चारही तपशील पिढ्यानपिढ्या देणारी नाणी फक्त पश्चिम क्षत्रपांनीच पाडली. त्यांच्या वंशावळीतील क्षत्रप कोण आणि महाक्षत्रप कधी झाला, हे आपल्याला समजते ते मुख्यतः या अंकांमुळे.

गोदातीर

शिलाक्षर यांनी पर्वताचा जो मुद्दा मांडला, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे पुन्हा वळता येते. दरबार की पेठ, या वादाचा निकाल लावायचा तर घराणी बदलल्यावर, सोयरिकी संपल्यावर आणि धर्म बदलल्यावर नाण्याचे काय होते, ते पाहावे.

पाचव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य जिंकले. गुप्तांची सोन्याची नाणी त्यांच्या स्वतःच्या थाटाची आहेत, त्यांवर राजा वाघ मारतो किंवा धनुष्य धरून उभा असतो. पश्चिमेकडे चांदी पाडताना मात्र त्याने क्षत्रपांचेच मस्तक ठेवले. मस्तकामागे वर्षही ठेवले आणि ग्रीक अक्षरांचे निरर्थक अवशेषसुद्धा ठेवले. बदलली ती मागील बाजू. पर्वताच्या जागी गरुड आला आणि लेखात राजा 'परमभागवत' (विष्णूचा परमभक्त) झाला. त्याच्या दरबाराला शकांचे काहीही देणे नव्हते.

आता नाशिककडे परत येऊ. पाचव्या शतकात येथे त्रैकूटकांची सत्ता होती. दह्रसेनाच्या चांदीच्या नाण्यावर समोर तेच क्षत्रपी मस्तक आणि मागे तोच पर्वत आहे, भोवती लेख मात्र 'महाराजेन्द्रदत्तपुत्र परमवैष्णव श्रीमहाराज दह्रसेन' असा आहे. परम वैष्णव राजाने विष्णूचे कोणतेही चिन्ह न आणता शकांच्या काळातला पर्वत चालू ठेवला. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने चांदीची लहान नाणी पाडली. समोर मस्तक, मागे बसलेला नंदी, आणि 'परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज' हा लेख. ही नाणी नाशिक परिसरात, मुंबई आणि साष्टी बेटांवर, कऱ्हाडकडे आणि मराठवाड्यातही मिळाली आहेत. आणि कृष्णराज जाऊन सुमारे दीडशे वर्षे झाल्यावर, आठव्या शतकाच्या आरंभीच्या भोगशक्ती या राजाच्या अंजनेरी ताम्रपटात 'कृष्णराजरूपक' या नावाने तेच चलन येते. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी कलचुरी लेखांच्या संपादनात या ताम्रपटाचा विचार केलेला आहे.

नहपानापासून अंजनेरीच्या ताम्रपटापर्यंत किमान साडेपाच शतके होतात. नहपानाच्या लेखांतील वर्षे शक संवताची न मानणाऱ्यांच्या मते तर त्याहून अधिक. शक, सातवाहन, गुप्त, त्रैकूटक, कलचुरी असे पाच दरबार बदलले. प्रत्येकाने मागील बाजूवर आपला देव किंवा आपली खूण बसवली, लेख आपल्या भाषेत घातला, पण समोरचे मस्तक आणि त्या नाण्याचा आकार कोणीही सोडला नाही. दरबाराची निवड मागील बाजूवर आणि लेखात दिसते, समोरची बाजू पेठेने राखली, असे मी म्हणेन. कावेरीकाठ यांनी दाखवलेली द्राविडी भाषाही मागच्याच बाजूस आहे.

विद्रूप चेहऱ्याविषयी दगडीचाळीतला यांनी घेतलेली शंका मात्र अजून उभी आहे आणि तिचे उत्तर जोगलटेंभीतच शोधायला हवे. त्या ठेव्यात सुमारे चार हजार नाणी ठसा न मारलेली होती. पुन्हा ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकाच ठेव्यात एकत्र ठेवली गेली, म्हणजे ठेवणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही चालू होती. ठसा मारणे ही चलनाची अट असती, तर ठसा नसलेली चार हजार नाणी कोणी साठवून ठेवली नसती. म्हणून मला असे वाटते की जुन्या नाण्यावरचा आघात ही सत्तांतराची घोषणा होती आणि ती हाती आलेल्या नाण्यांवर, घाईने, केली गेली. चेहरा बिघडला तरी ते नाणे नहपानाचे, म्हणजे ओळखीच्या वजनाचे आणि कसाचे आहे, हे कडेवरून आणि अर्धवट उरलेल्या अक्षरांवरून हाताळणाऱ्याला कळत होते. कोऱ्या चांदीवर नवे नाणे पाडताना मात्र तशी जुनी ओळख उपलब्ध नव्हती, आणि तेथे मस्तक घालण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दगडीचाळीतला

हे उत्तर मला बरेचसे पटते. त्रैकूटकांच्या नाण्यावरील पर्वत मागील बाजूवरचा असूनही टिकला, हा आपल्या नियमाला अपवाद आहे, तेवढा लक्षात ठेवावा. पुढची पायरी म्हणून एक सुचवतो. गौतमीपुत्राने ठसे मारण्यासाठी किती साचे वापरले, याची मोजणी झाली तर घाईचा आपला तर्क तपासता येईल. एकाच साच्याचे ठसे शेकडो नाण्यांवर सापडले, तर काम एका ठिकाणी थोड्या दिवसांत उरकले असे म्हणता येईल. साचे फार असतील आणि त्यांची झीजही वेगवेगळ्या टप्प्यांवरची असेल, तर ठसे मारणे कित्येक वर्षे चालू होते असे मानावे लागेल, आणि मग ती घोषणा नसून नियमित टांकसाळीचे काम ठरेल. ज्यांच्या संग्रहात किंवा पाहण्यात अशा नाण्यांची स्पष्ट छायाचित्रे असतील, त्यांनी दोन्ही बाजू एकाच प्रमाणात घेऊन येथे द्यावीत. उज्जयिनी चिन्हाच्या चार गोलांमधील अंतर आणि पर्वताच्या कमानींची वळणे यांवरून साचे वेगळे काढायला सुरुवात करता येईल.